नवी रायफल, पहिली सकाळ: नागपूरच्या थंडीत रेंजवर काय आणि कोणत्या क्रमाने करायचं

डिसेंबर-जानेवारीत नेमबाजीच्या रेंजवर नव्या रायफली जास्त दिसतात, आणि त्यांच्यासोबत एकच प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. माणूस केस उघडतो, हवेचा सिलिंडर लावतो, थेट उभं राहून पहिला छर्रा सोडतो. तो टार्गेटच्या सातच्या वर्तुळात डावीकडे लागतो. लगेच मागच्या साईटचा स्क्रू फिरतो. दुसरा छर्रा वर जातो, स्क्रू पुन्हा फिरतो. तासाभरात साईट कारखान्यातून आली तिथपासून कुठल्या कुठे गेलेली असते आणि बाजूच्या लेनवाल्याला विचारणा होते, "भाऊ, हिची नळी वाकडी तर नाही ना?"

नळी ठीक असते. साईट सर्वात शेवटी लावायची असते, ती सर्वात आधी लावली म्हणून हा घोळ होतो. खालचा क्रम दहा मीटरच्या एअर रायफल आणि एअर पिस्तुलासाठी आहे. काडतुसावर चालणाऱ्या .२२ रायफलचं जिथे वेगळं पडतं तिथे तसं सांगितलं आहे. पहिल्या दिवशी गुण मोजायचे नाहीत, एवढं घरून ठरवून निघा.

१. आदल्या संध्याकाळी, घरी

आधी कागद. ४.५ मिमी नळीची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल किंवा पिस्तूल परवान्याशिवाय घेता येतं, पण खरेदीची पावती आणि ओळखपत्राची प्रत केसमध्येच ठेवा. .२२ साठी १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालचा परवाना लागतो. परवान्यावर चढलेला क्रमांक आणि रायफलच्या अंगावर कोरलेला क्रमांक एकेक आकडा बोट ठेवून ताडून बघा. एखादा आकडा चुकून चढलेला असेल तर तो घरी कळलेला बरा, नाकाबंदीत कळला तर सकाळ गेली. काडतुसांच्या खरेदीची नोंदही बघून घ्या. मित्राच्या परवान्यावरची रायफल "मी आणतो, तू नंतर ये" म्हणून एकट्याने घेऊन निघू नका.

मग स्क्रू. नव्या रायफलीचे स्क्रू प्रवासात सैल होतात. दस्त्याला यंत्रणा धरून ठेवणारे, खांद्याला टेकणाऱ्या बटप्लेटचे, गालपट्टीचे आणि मागच्या साईटचा पाया आवळणारे, सगळे तपासा. शेवटच्यावर विशेष लक्ष द्या. साईटचा पाया केसभर हलत असेल तर छर्रे दोन वेगळ्या ठिकाणी जमतात, आणि दिवसभर कारण सापडत नाही. आवळताना पुस्तिकेत दिलेल्या जोरापेक्षा जास्त जोर लावू नका.

नळी पुसा. कारखान्यातून येताना नळीत गंज टाळणारं ग्रीस असतं. एअर रायफलीत फेल्टचे गोळे मागच्या बाजूने घालून, स्वच्छ निघेपर्यंत ओढून काढा. तारेचा ब्रश एअर रायफलीच्या नळीत घालू नका. .२२ ला रॉड आणि कापड वापरा, तेही बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) काढून मागून पुढे.

इशारा: दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीच्या हवेच्या वाटेत साधं मशीन तेल किंवा शिलाई मशीनचं तेल टाकू नका. २०० बारच्या दाबाखाली खनिज तेलाची वाफ पेट घेऊ शकते. कंपनीने सांगितलेलं सिलिकॉनचं वंगण, तेही सांगितलेल्या जागी आणि थेंबभर.

वापरलेली रायफल विकत घेतली असेल तर सिलिंडरवर ठोकलेली तारीख वाचा. साधारण दहा वर्षांची मुदत असते. मुदत संपलेला सिलिंडर स्वस्तात मिळाला तरी तो भरायला कुणाकडे देऊ नका आणि स्वतःही भरू नका.

शेवटचं काम स्वेटरचं. शूटिंग जॅकेटच्या आत जाड स्वेटर घालून सकाळी सातला नेम धरला की बट खांद्यापासून सेंटीमीटरभर पुढे बसतो. साडेदहाला ऊन तापतं, स्वेटर निघतो, आणि सकाळी जुळवलेली बटची लांबी, गालाची जागा, मागच्या साईटपासूनचं डोळ्याचं अंतर, सगळं बदलतं. नागपूरची थंडी अशी की पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी अर्ध्या बाह्यांत माणसं. म्हणून आत पातळ, अंगाला घट्ट बसणारा थर, आणि नेम धरायच्या मध्ये वरून शाल किंवा जाकीट. शाल शूटिंग जॅकेटच्या वरूनच घ्या, आत नको.

२. घरापासून रेंजपर्यंत

रायफल रिकामी, बंद केसमध्ये, काडतुसं वेगळ्या पिशवीत. दुचाकीवर पाठीला नुसती कापडी गवसणी अडकवून जाणारे अजून दिसतात. एअर रायफल कायद्याने चालते म्हणून रस्त्यावरच्या पोलिसाला ती लांबून ओळखता येईल असं नाही. मेट्रोचा विचार सोडा, सामानाच्या तपासणीतच अडकाल.

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असेल तर सिव्हिल लाइन्स आणि विधानभवनाचा परिसर पूर्ण टाळा. मोर्चे, वळवलेली वाहतूक आणि जागोजागी तपासणी, त्यात रायफलची केस घेऊन शिरायचं काही कारण नाही. लांब पडलं तरी रिंग रोडने जा. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर परवान्याची शस्त्रं जमा करण्याचे आदेश निघतात. खेळाडूंना सूट मिळू शकते, पण ती लेखी आणि हातात असली पाहिजे. "मला आहे सूट" असं तोंडी सांगून भागत नाही.

तर्री-पोहे खायचेच असतील तर जाताना खा. रेंजवर छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही, छर्रे शिशाचे असतात. आणि या दिवसांत प्रत्येकाच्या पिशवीत संत्री असतात. सोलून झालं की बोटं चिकट होतात आणि तीच बोटं ग्रिपवर जातात. संत्री शेवटी.

३. पोचल्यावर पहिला अर्धा तास

रेंज अधिकाऱ्याला सांगा की शस्त्र नवं आहे. हे सांगायला लाजणारे लोक आहेत. त्यांना कोपऱ्यातली लेन मिळाली असती आणि कुणी घाई केली नसती.

केस लेनवरच उघडा, नळी टार्गेटकडे. बोल्ट उघडा, आत बघा, करंगळीने चाचपा, सेफ्टी फ्लॅग घाला. रंगीत दोरीसारखा हा फ्लॅग नळीतून आरपार दिसला पाहिजे.

आता रायफल स्टँडवर ठेवा आणि वीस-तीस मिनिटं हात लावू नका. घरातल्या उबेतून आलेली धातूची वस्तू रेंजच्या हवेला यायला वेळ घेते. हवेच्या दाबाचं गणित याच वेळात समजून घ्या: दुपारी ३० अंशाला २०० बार भरलेला सिलिंडर पहाटे १० अंशाला साधारण १८७ बार दाखवतो. हवा गळलेली नसते, गार झालेली असते. उलट, घाईघाईत भरलेला सिलिंडर भरताना तापतो, काटा २०० वर जातो आणि पंधरा मिनिटांत खाली येतो. हे बघून "गळती आहे" म्हणत ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बदलायला निघालेले बरेच असतात.

तपासणी: खरी गळती ओळखायची तर काटा बघून लिहून ठेवा आणि रायफलीला हात न लावता अर्ध्या तासाने पुन्हा बघा. हवामान तेच असताना काटा उतरत राहिला तरच गळती. मगसुद्धा दुरुस्ती तिथेच मांडू नका.

सिलिंडर हातानेच फिरवून बसवायचा, पाना लावायचा नाही. भरताना हळूहळू भरा, आणि पुस्तिकेत दिलेल्या दाबाच्या वर जाऊ नका. आणि भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या बंद गाडीत टाकून चहाला जाऊ नका.

४. रिकामा सराव

दाबलेल्या हवेच्या बहुतेक स्पर्धा-रायफलींना कोरड्या ट्रिगरची, म्हणजे छर्रा न सोडता ट्रिगर दाबून बघायची, सोय असते. ती चालू करा आणि कोऱ्या पांढऱ्या कागदासमोर वीस-पंचवीस वेळा ट्रिगर दाबा. कागदावर काळा गोल नको. नुसता ट्रिगर कुठे सुरू होतो, कुठे अडतो, कुठे सुटतो हे बोटाला कळलं पाहिजे.

इशारा: स्प्रिंगच्या एअरगनला हे करायचं नाही. छर्रा नसताना सोडलेला पिस्टन पुढे जाऊन थेट आदळतो आणि सील फाटतं. .२२ रिमफायरचंही तसंच. रिकाम्या चेंबरवर फायरिंग पिन काठावर आदळून काठ चेपू शकतो. त्यात वापरलेली पुंगळी किंवा स्नॅप कॅप (सरावाचं नकली काडतूस) घाला.

बोटं गार असतील तर हा टप्पा पुढे ढकला. बधिर बोटाला ट्रिगरचा पहिला टप्पा कळतच नाही आणि माणूस स्क्रू फिरवून ट्रिगर जड करतो. दुपारी बोट गरम झालं की तोच ट्रिगर दगडासारखा लागतो. खिशात हात घाला, चहाचा कप धरा, मग सुरुवात करा. पहिल्या दिवशी ट्रिगरच्या स्क्रूला हात नको.

अपवाद एअर पिस्तुलाचा. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे त्याच्या ट्रिगरने न सुटता किमान ५०० ग्रॅम वजन उचललं पाहिजे. पिस्तूल भरलेलं नाही याची खात्री करून, कॉक करून, नळी सरळ वर धरायची. ट्रिगरच्या मधोमध वजन अडकवून टेबलावरून सावकाश उचलायचं. रेंजवर यासाठीचं वजन असतं. किराणावाल्याकडचं अर्ध्या किलोचं वजन तारेच्या आकड्यात अडकवूनही अंदाज येतो, फक्त तारेचं वजन वरून धरा. ट्रिगर सुटला तर तो हलका आहे. मग मात्र तो आजच दुरुस्त करावा लागेल.

५. नळी बसू द्या

पुसलेल्या नळीतून जाणारे पहिले छर्रे कुठेही जातात. एअर रायफलीला दहा-पंधरा, .२२ ला जरा जास्तच. .२२ च्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं, त्याचा थर नळीत बसेपर्यंत ग्रुप (एकाच नेमाने सोडलेल्या गोळ्यांचा कागदावरचा झुबका) जमत नाही. आणि थंडीत हे वंगण कडक असतं, त्यामुळे पहाटे त्याला आणखी वेळ लागतो.

हे छर्रे मातीच्या किंवा कोऱ्या कागदाच्या दिशेने सोडा आणि विसरा. कागद आणायचा नाही, बघायचाही नाही. बघितला की हात स्क्रूकडे जातो.

.२२ साठी दोन गोष्टी इथेच पाठ करा. ट्रिगर दाबला आणि आवाजच आला नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. उशिरा पेटणारं काडतूस असू शकतं. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका, फुस्स असा आला, तर पुढचं काडतूस भरू नका. बोल्ट काढून, रॉड घालून नळी मोकळी आहे का बघा. गोळी नळीत अडकलेली असताना दुसरी सोडली तर नळी फुगते, आणि नेम धरणाऱ्याला इजा होऊ शकते. कानाचं आणि डोळ्यांचं संरक्षण .२२ ला न चुकता.

६. टेकून ग्रुप काढा

आता बसा. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा, नळी टेकवू नका, दस्ता टेकवा. स्प्रिंगची बंदूक असेल तर पिशवीवर घट्ट दाबू नका. पिशवीवर तळहात, तळहातावर बंदूक, आणि ती मोकळेपणाने मागे-पुढे होऊ द्या. घट्ट धरली की दर वेळी वेगळी उडते.

पाच छर्रे, एकाच नेमाने. ते काळ्यात लागतात की बाहेर याला आत्ता काही किंमत नाही. सातमध्ये डावीकडे पाचही एकात एक गेले तर रायफल उत्तम आहे. दहाच्या अवतीभोवती चारी दिशांना विखुरले तर अजून काहीतरी जुळायचं आहे. हा भाग नव्या माणसाच्या गळी उतरवणं सर्वात अवघड जातं. दहा लागला की चेहरा खुलतो, मग तो दहा योगायोगाने का लागेना.

चांगल्या स्पर्धा-रायफलीने टेकून पाच छर्ऱ्यांचं एक सलग भोक पाडावं, बाहेरून मोजून सात-आठ मिलिमीटरच्या आत. साध्या स्प्रिंगच्या बंदुकीने रुपयाच्या नाण्याखाली झाकेल एवढा ग्रुप दिला तर तिच्याकडून आणखी मागू नका.

ग्रुप मोठा असेल तर कारणं या क्रमाने शोधा: साईटचा पाया, दस्त्याचे स्क्रू, मग छर्रे. एकाच कंपनीचे छर्रे ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिमी डोक्याचे मिळतात आणि एका रायफलीला चालणारा दुसरीला चालेलच असं नाही. मित्रांकडून थोडे थोडे मागून घ्या. छर्रा बदलला की नव्याचे पाच-सात सोडून मग मोजायचा ग्रुप काढा. डबा उघडल्यावर दबलेली, वाकलेली किनार असलेले छर्रे वेगळे काढा. चपट्या डोक्याचेच घ्या, टोकदार छर्रे कागदाला स्वच्छ भोक पाडत नाहीत.

एका वेळी एकच गोष्ट बदला. छर्रा आणि गालपट्टी एकदम बदलली आणि ग्रुप सुधारला, तर कशाने सुधारला ते सांगता येणार नाही. प्रत्येक कागदावर पेनाने लिहा: छर्रा, हवेचा दाब, वेळ, काय बदललं.

तपासणी: एकाच छर्ऱ्याचे लागोपाठ तीन ग्रुप सारख्या आकाराचे आणि एकाच जागी आले का? आले तरच पुढचा टप्पा. नाही आले तर आजचा दिवस इथेच संपला तरी चालेल.

७. आता साईट

ग्रुपचा मध्य काढा. पाचातला एक लांब गेलेला असेल आणि तो सोडताना हात हलल्याचं जाणवलं असेल तर तो धरू नका. दहा मीटर एअर रायफलीच्या टार्गेटवर लगतच्या दोन वर्तुळांत २.५ मिमी अंतर असतं, एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर ८ मिमी, ५० मीटर रायफलीच्या टार्गेटवरही ८ मिमी. म्हणजे एअर रायफलीचा मध्य दोन वर्तुळं उजवीकडे असेल तर ५ मिमी डावीकडे आणायचा आहे.

आणि इथे ती चूक, जिच्यामुळे निम्म्या सकाळी वाया जातात. जर्मन बनावटीच्या बऱ्याच साईटवर 'एच' आणि 'आर' अशी अक्षरं आणि बाण असतात. त्यांचा अर्थ "छर्रा वर लागतोय तर इकडे फिरवा", "उजवीकडे लागतोय तर इकडे फिरवा" असा असतो. दुसऱ्या कित्येक साईटवर बाणाचा अर्थ बरोबर उलटा, म्हणजे "छर्रा इकडे न्यायचा असेल तर इकडे फिरवा". बाजूच्या लेनवाल्याची रायफल दुसऱ्या बनावटीची असेल आणि तुम्ही त्याचं ऐकून फिरवलं, तर प्रत्येक दुरुस्तीने चूक दुप्पट होते. कुणालाही न विचारता स्वतःच ताडा: दहा क्लिक एका बाजूला, पाच छर्रे, कागद बघा. दिशाही कळली आणि एका क्लिकला किती मिलिमीटर सरकतं तेही कळलं. हे केसच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवा.

आधी उभी दिशा जुळवा, ग्रुप काढून खात्री करा, मग आडवी.

पुढच्या साईटची रिंग थंडीच्या पहाटे जरा मोठी घ्या. उजेड कमी असतो आणि काळ्याभोवतीची पांढरी कडा बारीक असली की डोळा ताणून ती शोधत बसतो. ५० मीटरच्या उघड्या रेंजवर सकाळचं ऊन एका बाजूने येतं, साईटची एक कड चमकते आणि ग्रुप सरकतो. अशा वेळी स्क्रू फिरवण्याआधी ऊन वर यायची वाट बघा. दहानंतर जमीन तापली की टार्गेट हलल्यासारखं दिसू लागतं, त्यामुळे ५० मीटरचं साईटिंग आटोपायची वेळ या दोन्हीच्या मधली.

पिस्तूलवाल्यांनी काळ्याच्या मधोमध नेम धरू नये. काळ्याखालच्या पांढऱ्यात पुढची साईट स्पष्ट दिसते, तिथे धरा आणि साईट तशी जुळवा. नजर पुढच्या साईटवर, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल.

८. उभं राहून, थोडंच

टेकून जुळवलेली साईट उभं राहिल्यावर थोडी वेगळी लागते, कारण गाल आणि खांदा वेगळे बसतात. म्हणून शेवटी उभं राहून दोन-तीन ग्रुप. डोळे मिटून रायफल उचला, श्वास सोडा, डोळे उघडा. साईट टार्गेटच्या उजवीकडे असेल तर हाताने ओढू नका, पाय सरकवा. रायफलीचा दस्ता तुमच्या अंगाला जुळतो का हे इथेच कळतं: मान वाकवून डोळा साईटपर्यंत न्यावा लागत असेल तर गालपट्टी किंवा बटप्लेट हलवायची आहे. पण आज नको. लिहून ठेवा. ती हलवली की सातवा टप्पा पुन्हा करायचा आहे.

दमल्यावर सोडलेले छर्रे काही सांगत नाहीत. हात थरथरायला लागला की थांबा.

९. आवरणं

"अनलोड" ऐकू आल्यावर बोल्ट उघडा, फ्लॅग घाला, रेंज अधिकाऱ्याला दाखवा. कुणी टार्गेटकडे चालत असताना शस्त्राला हात लावायचा नाही, केसमध्ये ठेवायलासुद्धा नाही. .२२ च्या पुंगळ्या आणि न पेटलेली काडतुसं वेगवेगळी द्या, न पेटलेली खिशात घालून घरी नेऊ नका.

घरी आल्यावर केस लगेच बंद कपाटात ढकलू नका. तास-दोन तास उघडी ठेवा, म्हणजे गार धातूवर धरलेला ओलावा उडून जाईल. मग बाहेरचा धातू तेलाच्या कापडाने हलका पुसा, हाताच्या घामाने पहिला गंज तिथेच चढतो. एअर रायफलीची नळी आज पुन्हा साफ करायची नाही, इतक्या मेहनतीने बसवलेली असते. .२२ चं बोल्ट आणि चेंबर पुसा, नळीतून एक कोरडं कापड पुरे. शस्त्र एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या, आणि वापरलेल्या काडतुसांचा आकडा वहीत त्याच संध्याकाळी. परवाना नूतनीकरणाच्या वेळी तो विचारला जातो आणि तोवर कुणालाच आठवत नसतो.